पुढच्या ॲक्सलचं ऑइल सील बदलताना

सख्यांनो, पावसाळा लागला की ताडोब्याचा कोअर भाग तीन महिने बंद असतो, आणि गटाची जिप्सी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहते. बँकेचा हप्ता मात्र बंद नसतो. 1 ऑक्टोबरला गेट उघडलं की पहिल्या दिवसापासून गाडी धावली पाहिजे, म्हणून गाडीचं मोठं काम जुलै-ऑगस्टमध्येच उरकावं लागतं. या अंकात आपण त्यातलं एकच काम शिकणार आहोत: पुढच्या ॲक्सलची झिजलेली सीलं बदलणं. पाना तुम्ही स्वतः धरा असं मी म्हणत नाही. पण मिस्त्री काय उघडतो, काय बदलतो आणि काय तसंच ठेवून देतो हे बाजूला उभं राहून ओळखता यायला हवं. पैसे आपल्या बचतीतले जातात.

हे मी अनुभवावरून सांगते आहे. आमच्या प्रभागसंघाच्या जिप्सीचं उजव्या चाकाजवळचं सील दोन हंगामांत तीन वेळा बदललं. तिन्ही वेळा बिल लागलं आणि तिन्ही वेळा महिन्या-दीड महिन्यात चाकाच्या आतल्या बाजूला काळा चिखल दिसू लागला. गाडी चालवणारी आमचीच सदस्य, ती दर मासिक बैठकीत सांगायची, "काकी, तेल पुन्हा खाली पडून राहिलं जी." आम्ही काय केलं? तिलाच विचारलं, तू दगडावर आपटते काय, जोरात चालवते काय. मी गाडी समितीत होते, मीही विचारलं. पोरगी दोन बैठका गप्प बसली, तिसऱ्या बैठकीत म्हणाली की दुसरी चालक पाहा. तेव्हा कुठे आम्ही चार जणी गाडीखाली वाकून पाहायला गेलो. चूक तिची नव्हती. दर वेळी बाहेरचं सील बदललं जात होतं, आणि बिघाड आतल्या सीलमध्ये होता.

आता हे आतलं-बाहेरचं काय ते समजून घेऊ, कारण सगळा पाठ त्यातच आहे.

जिप्सी ही 1985 साली आपल्याकडे आलेली गाडी, 2019 च्या सुमारास तिची सर्वसाधारण विक्री थांबली. पण जंगलात, डोंगरात ती अजून चालते, कारण तिची बांधणी साधी आणि दणकट आहे. पुढचा ॲक्सल म्हणजे एक आडवी जाड लोखंडी नळी, मध्ये फुगीर गोळा. त्या गोळ्यात डिफरन्शियलचे दाते असतात आणि ते गिअर ऑइलमध्ये बुडालेले असतात. नळीच्या दोन्ही टोकांना चेंडूसारखी गोल, गुळगुळीत लोखंडी वाटी आहे. त्या वाटीवर नकल बसतो. नकल म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाकासोबत वळणारा भाग. तो वर आणि खाली अशा दोन किंगपिनवर, दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. वाटीच्या आत ॲक्सलच्या दांड्याचा जॉइंट असतो, तोही चाकासोबत वळतो आणि वळता वळता चाकाला ताकद देतो. हा जॉइंट ग्रीसमध्ये असतो, तेलात नाही.

म्हणजे एकाच नळीत दोन खोल्या झाल्या. मधल्या खोलीत पातळ गिअर ऑइल, टोकाच्या खोलीत घट्ट ग्रीस. दोघांच्या मधली भिंत म्हणजे आतलं ऑइल सील. दांडा त्याच्या मधून जातो. दुसरं सील नकलच्या मागच्या बाजूला असतं, गोल वाटीला चहूबाजूंनी घासत फिरतं. त्यात नमद्याची रिंग, रबराची रिंग आणि वरून पत्र्याची पट्टी असते. त्याला मिस्त्री वायपर सील म्हणतात. धूळ-पाणी आत येऊ न देणं आणि ग्रीस बाहेर पडू न देणं हे त्याचं काम. तिसरं सील चाकाच्या हबच्या मागे असतं, ते चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस ब्रेककडे जाऊ देत नाही.

आतलं सील झिजलं की पातळ तेल टोकाच्या खोलीत शिरतं. तिथलं ग्रीस त्यात विरघळतं आणि काळं, पातळ पिठल्यासारखं होतं. वायपर सील हे घट्ट ग्रीस अडवायला केलेलं आहे, पातळ पिठलं अडवायला नाही. ते बाहेर पडतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की बाहेरचं सील गेलं. मग बाहेरचं बदलतात. घरात माठ झिरपतो आणि आपण खालची चुंबळ बदलत बसतो, तसा प्रकार.

नुसतं तेल वाया जातं म्हणून मी एवढं लिहीत नाही. दोन गोष्टी जास्त वाईट आहेत. एक, ग्रीस धुवून निघालं की जॉइंट कोरडा पडतो, वळणावर कट-कट आवाज करतो आणि शेवटी तुटतो. तो जॉइंट सीलपेक्षा कितीतरी महाग. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. हे पातळ मिश्रण दांड्यालगत पुढे सरकत हबपर्यंत जातं, हबचं सील जुनं असेल तर तिथूनही निसटतं आणि ब्रेकवर पडतं. एका चाकाचा ब्रेक तेलकट झाला की गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते. मागे सहा पर्यटक, समोर वळण, आणि अचानक रस्त्यात आलेला गवा. ब्रेक तेलकट दिसला तर सहलीची तारीख पाहू नका, गाडी थांबवा.

गळती कसली, हे आधी ओळखा

जुन्या कापडानं चाकाची आतली बाजू आणि नकलचा मागचा भाग कोरडा पुसा. गाडी एक फेरी चालवा, मग पुन्हा पाहा. बोटाला लागलेलं जाड, काळं आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर त्यात गिअर ऑइल आहे, म्हणजे आतलं सील. नुसतं घट्ट ग्रीस चाऱ्यांतून थोडंसं पसरलेलं असेल तर बहुधा वायपर सील. अगदी पातळ, पाण्यासारखं, बिनकाळं काही असेल तर ते ब्रेकचं तेल असू शकतं. तेव्हा पुढचं सगळं सोडा, आधी ब्रेक दाखवा.

मग डिफरन्शियलच्या गोळ्यावरचा लेव्हलचा बोल्ट उघडून पाहायला सांगा. गाडी सपाट जागी हवी. तेल भोकाच्या काठापर्यंत असायला हवं. कमी असेल तर ते कुठेतरी गेलं आहे, आणि बाहेर जमिनीवर तेवढं पडलेलं नसेल तर ते नकलमध्ये जाऊन बसलं आहे. तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलं. आमचं तसंच दिसलं होतं.

एक छोटी गोष्ट, पण आमच्या वेळी तीच कळली नाही. आम्ही गाडी उतारावर उभी करायचो, उजवं चाक खालच्या अंगाला. रात्रभर सगळं तेल उजवीकडे झुकून त्या सीलवर बसायचं. उतारानं सील बिघडत नाही, पण बिघडलेलं सील तिथे लवकर उघडं पडतं. डावं सीलही तितकंच जुनं होतं, ते फक्त दिसत नव्हतं.

सील गेलं तर का गेलं?

हा प्रश्न विचारल्याशिवाय नवीन सील बसवू देऊ नका. आमच्या अनुभवात चार कारणं सापडतात, आणि पहिलं सगळ्यात स्वस्त आहे.

ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक छोटा श्वासनळीसारखा वाल्व असतो, त्याला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. मुरुमाची धूळ आणि चिखल बसून तो बुजला की हवेला वाट राहत नाही. ती सीलवर दाब टाकते आणि तेल ढकलते. उलटही होतं. तापलेला ॲक्सल नाल्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, बाहेरचं पाणी सीलच्या कडेनं आत ओढलं जातं. घरच्या कुकरची शिटी आपण दर वेळी पाहतो ना, हा वाल्वही तसाच हंगामात दोनदा तरी काढून साफ करायचा. आमच्या जिप्सीचा ब्रीदर इतका बुजला होता की मिस्त्रीला तो आधी सापडलाच नाही, मातीचा गोळा वाटला.

दुसरं कारण, दांड्यावर पडलेली खाच. सीलचा रबरी ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासतो, धुळीचे कण त्याला चिकटतात आणि लोखंडावर रेघ पडते. दांडा पुसून त्या जागी नख आडवं फिरवा. नख अडलं तर खाच आहे. नुसती खरखर असेल तर बारीक पॉलिश पेपरनं साफ करता येते. खाच खोल असेल तर नवं सील काही दिवसच टिकेल. अशा वेळी जागा असल्यास सील किंचित पुढे-मागे बसवतात, म्हणजे ओठ नव्या जागी घासतो, किंवा दांडाच बदलावा लागतो.

तिसरं, दांडा लोंबणं. चाकाजवळ स्पिंडलच्या आत एक बुश असतो, तो झिजला तर दांड्याचं टोक खाली झुकतं आणि सीलचा ओठ एका बाजूला दाबला जातो. चौथं, किंगपिनची बेअरिंग ढिली असणं. तेव्हा नकल वाटीवर मधोमध बसत नाही, वायपर सील एका बाजूला चिरडतं आणि दुसऱ्या बाजूला उघडं राहतं. हे तपासायला चाक जॅकवर उचलून, वर-खाली धरून हलवा. हाताला ढिलाई लागली तर दुसरीला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाची बेअरिंग सैल आहे. तरीही हललं तर किंगपिन.

काम चालू असताना

गाडी कठीण, सपाट जागेवर हवी, शेणामातीच्या अंगणात नको. मागच्या चाकांना दगड लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, खाली घोडी लावल्यावरच जावं. ही गोष्ट मी बैठकीत दोनदा बोलते, इथेही दोनदा लिहिते: फक्त जॅकवर नाही.

आधी तेल काढून घ्यायचं, नाहीतर दांडा ओढताच ते अंगावर येतं. जुनं तेल नाल्यात, विहिरीजवळ किंवा चुलीत टाकू नका. डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला द्या. चाक निघालं, मग ब्रेक. ब्रेकचा जड भाग रबरी नळीवर लोंबकळत सोडू देऊ नका, तारेनं वर बांधायला लावा. नंतर हब, त्याची बेअरिंग, स्पिंडल, आणि मग दांडा बाहेर येतो. डावीकडचं आणि उजवीकडचं सामान वेगळं ठेवायचं. आम्ही जुन्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या वापरल्या, प्रत्येकीत एका जागेचे बोल्ट. किंगपिनखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. वरच्या वर, खालच्या खाली, आणि डाव्या-उजव्याची अदलाबदल नाही. त्या चकत्यांवरच नकल किती घट्ट फिरतो हे ठरतं. ती घट्टपणा मोजायला ताणकाटा लागतो, बाजारात भाजी तोलायला असतो तसा. नकलच्या हाताला अडकवून ओढायचा आणि किती किलोला नकल फिरायला लागतो ते वाचायचं. आकडा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात मिळतो. मोजताना वायपर सील लावलेलं नको, नाहीतर तिचाच अडथळा मोजला जातो. मिस्त्री हे अंदाजानं करत असेल तर काटा पुढे करायला लाजू नका. आमचा भाजीविक्री गटाचा काटा होता, तोच नेला. मिस्त्री हसला, पण त्यानं वापरला.

आता सील. हातात घेऊन पाहा. बाहेर लोखंडी कडं, आत रबरी ओठ, आणि ओठामागे केसासारख्या बारीक स्प्रिंगची रिंग. ज्या द्रवाला अडवायचं त्याच्याकडे स्प्रिंगची बाजू असते. इथे अडवायचं आहे गिअर ऑइल, म्हणून स्प्रिंगची बाजू ॲक्सलच्या नळीकडे, आत. उलटं बसवलं तर पहिल्याच आठवड्यात कळेल. दुकानात जाताना जुनं सील सोबत न्या, त्याच्या कड्यावर मापं छापलेली असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. कापडाच्या मापासारखं "साधारण एवढंच" चालत नाही.

जुनं सील काढताना पेचकसानं बसण्याच्या जागेवर ओरखडे पडता कामा नयेत, नाहीतर तेल कड्याच्या बाहेरून झिरपतं. जागा डिझेलनं धुवा, कोरडी पुसा, बिडी-चूल दूर ठेवा. नव्या सीलच्या ओठाला ग्रीसचा हात लावा, कोरडा ओठ पहिल्या फेरीतच जळतो. मग सीलच्या कड्याएवढ्या नळीचा तुकडा किंवा जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं ठेवून, हलक्या हातानं चहूबाजूंनी सारखं ठोकत सरळ बसवायचं. एका कडेला हातोडी मारून तिरकं घुसवलेलं सील दिसायला बसलेलं दिसतं, पण ते गळतं.

आणि या सगळ्या कामातला सगळ्यात नाजूक क्षण: दांडा परत घालणं. दांड्याच्या टोकाला दाते असतात, धारदार. दांडा सीलवर रेटत, लोंबकळत आत ढकलला तर नवा ओठ तिथेच चिरतो. दोघांनी धरून, आडवा सरळ उचलून, ओठाला न टेकवता न्यायचा. आमच्याकडे चौथ्यांदा काम झालं तेव्हा मिस्त्रीचा पोऱ्या आतून उजेड धरून होता, आणि मिस्त्री बाळाला अंघोळीनंतर उचलावं तसा दांडा घेऊन गेला. तेवढा एक मिनिट कुणी बोललं नाही.

नकलमध्ये जुनं काळं मिश्रण पूर्ण पुसून काढायचं. वर नवं ग्रीस टाकून चालत नाही. जॉइंट धुवून, वाळवून, मोलिब्डेनम असलेलं ग्रीस त्यात बोटानं दाबून भरायचं. नकलची पोकळी ठासून भरू नका, थोडी जागा मोकळी राहू द्या. गोल वाटीवर गंज किंवा खड्डे असतील तर पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून घ्या, नाहीतर नवं वायपर सील ते खड्डे घासत फाटेल. नमद्याची रिंग लावण्याआधी तेलात भिजवतात. वायपरची रिंग अखंड बसवायची तर नकल पूर्ण उतरवावा लागतो. वेळ वाचवायला काही जण रिंग कापून गुंडाळतात. तसं केलंच तर काप वरच्या बाजूला हवा, आणि ते तुम्हाला सांगून केलेलं हवं. माझं मत विचाराल तर, एवढं सगळं उघडलं आहे तर अखंडच बसवा.

हबच्या बेअरिंगला नवं ग्रीस, हबचं सील नवं, नटाला कुलूप लावणाऱ्या वॉशरची जीभ नीट दुमडलेली. ब्रेकच्या पॅडमध्ये तेल मुरलेलं असेल तर पॅड दोन्ही चाकांचे एकत्र बदला. शेवटी गाडी सपाट जागी आणून डिफरन्शियलमध्ये जीएल-5 प्रतीचं 80-डब्ल्यू-90 गिअर ऑइल, लेव्हलच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत. त्याहून जास्त नाही.

बिल देण्याआधी

जुनी सीलं मागून घ्या. आतली किती, वायपर किती, हबची किती, हे बिलात वेगळं लिहून घ्या. आमच्या पहिल्या तीन बिलांवर नुसतं "सील बदलले" असं होतं, आणि लेखापालानं तेच रोजकीर्दीत उतरवलं. तीन बिलं शेजारी ठेवली असती तर एकच चूक तीनदा झाल्याचं तेव्हाच दिसलं असतं. आता गाडीची वेगळी वही आहे: तारीख, किलोमीटर, काय उघडलं, कुठल्या बाजूचं, जुना भाग परत मिळाला की नाही. सील काहीशे रुपयांत येतं, खरा खर्च मजुरीचा आणि बुडालेल्या फेऱ्यांचा असतो. म्हणून एका बाजूचं आतलं सील गेलं असेल तर दोन्ही बाजूंची बदलून घेणं मला योग्य वाटतं. चाकाची बेअरिंग मात्र चांगली असतील तर उगाच बदलू नका.

गाडी घरी आल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा. आठवडाभर रोज सकाळी कोरडं कापड फिरवा. वायपरमधून सुरुवातीला ग्रीसची बारीक रेघ आली तर घाबरू नका, ती पुसली की थांबते. पातळ, काळं आणि वासाचं आलं तर मिस्त्रीकडे त्याच दिवशी जा, वही सोबत घेऊन.

आमच्या त्या चालक मुलीची बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागितली, ठराव नोंदवहीत तसा लिहिला. ती आता गाडी समितीत आहे आणि ब्रीदर तीच साफ करते. जुनी चारही सीलं प्रभागसंघाच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या स्टीलच्या डब्यात ठेवली आहेत. पुढच्या बैठकीला याल तेव्हा हातात घेऊन पाहा: तीन वायपरची रबरं जवळजवळ नवी आहेत, आणि चौथं, आतलं, त्याचा ओठ दगडासारखा कडक झाला आहे.